मालवणला मुलगी बघायला

आमच्या आदिनाथचा बघायचा कार्यक्रम समुद्रात झाला. खोटं न्हाई सांगत. पाट न्हाई, पोहे न्हाई, डोक्यावर पदर न्हाई. दोघांच्या डोळ्यांवर ह्ये मोठाले चष्मे, तोंडात नळ्या, आन् तोंडं पान्यात. मी बोटीत बसलेली, लुगड्यावर ते नारंगी जाकीट आवळून, जीव टांगनीला लागलेला.

आधी मी कोन ते सांगते. मी रतन. माहेर सोनईच, सासरबी सोनईच. आई गेली तवा आदिनाथ नऊ वर्साचा हुता, तवापासून माझ्या ह्या धाकट्या भावाला मीच वाढवला. आता चौतिसाचा झाला. सहा एकर बागायत, आठ गाया, घरचा ट्रॅक्टर, पोरगं सुपारीसुदिक खात न्हाई, आन् लग्न न्हाई. तीस ठिकानी जाऊन आलो आमी. पोरीकडच्यांना जमीन पाहिजे पन जमिनीत राबनारा नवरा नको, नोकरीवालाच पाहिजे. मंग ती जमीन कसायची कुनी, तलाठ्यानं का?

आन् माझी गंमत बघा. पोरगी बघायच्या कामात मला सगळी भावकी मानायची. कुनाच्याबी पोराचं जमवायचं निघालं की पहिला निरोप मला. रतनला संगं घ्या, तिची नजर लई बारीक, असं म्हनायचे. मी जायचे, जाजमावर पुढं बसायचे, पोरीचे केस सोडून बघायचे, हात हातात घेऊन बघायचे, आन् दाराबाहेर पडलं की चपला घालता घालता सांगून टाकायचे, घ्या न्हाईतर सोडा. मी सोडा म्हनले की सोडायचे. दहा-बारा वर्सांमागं पोरी मिळत हुत्या, तवा माझा लई तोरा चालला. चाळीस घरं तरी मी अशी बघितली असतील.

तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर सहादेवमामांनी एक स्थळ आनलं. घोडेगावची पोरगी, निकिता नाव, एकोनतीस वर्सं, नगरला दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमधी कामाला. शेतकरी चालंल म्हनली. मला तर आधी ऐकूच आल्यासारखं वाटंना. पन तिची अट हुती. पोह्याचा ट्रे घेऊन मी कुनापुढं येनार न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत मी आन् माझी थोरली बहीन मालवनला चाललोय, तितं अर्ध्या दिवसाची बोट असती, बेटाच्या मागं नेती, पान्यात तोंड घालून मासे बघायचे असतात. मुलाला मला बघायचं असंल तर त्यानं त्या बोटीत यावं, संगं एकच मानूस आनावा. मामा मला भीत भीत सांगत हुते, की बाई भडकंल म्हनून. मी म्हनले, बोट तर बोट, चंद्रावर बोलवलं असतं तरी गेले असते.

गायांपाशी मालकांना ठेवलं आन् पहाटे पाचला आमची गाडी निघाली. मला कोल्हापूर येईस्तवर एक घास गेला न्हाई. आदिनाथ मातर निवांत. म्हनला, आक्का, पवायचंच हाय ना, मंग काय. ते बी खरंच हुतं. आमच्या पन्नास फुटी विहिरीत हा काठावरून सूर मारतो, तळाला जाऊन मोटरीचा गाळात रुतलेला फूटबॉल, म्हंजे पायपाची खालची झडप, मोकळा करून येतो. सोनईत कुनाची बादली पडू दे, मोबाईल पडू दे, आदिनाथलाच बोलवतेत. मी मनात म्हनले, चला, पोरीपुढं दाखवायला काहीतरी हाय.

रात्री मालवनलाच मुक्काम केला, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जेट्टीवर भेट झाली. निकिता उंच, सावळी, केस वर बांधलेले, गुडघ्यापत्तर पँट. तिनं सरळ हात जोडले आन् मलाबी आक्काच म्हनली. मला बरं वाटलं. तिची बहीन आरती. छत्तिशीची, पंजाबी ड्रेस, ग्रामसेविका हाय म्हनली निकिता, तीन गावं हायेत तिच्याकडं. मी आपली बोलत सुटले, प्रवास कसा झाला, चहा घेतला का, पानी गार असंल का. आरतीनं माझ्याकडं नुसतं टक लावून बघितलं आन् तोंड फिरवलं. मला राग आला. म्हनले, सरकारी नोकरीचा ताठा दिसतोय.

बोटीत आमी चौघं, सांगलीची पाच-सहा कॉलेजची पोरं-पोरी, बोट चालवनारा तांडेल आन् त्याचा एक गडी. बोट किल्ल्याच्या बेटाला वळसा घालून मागं गेली आन् नांगर टाकून थांबली. थांबली म्हंजे नावाला. खालून सारखं वरखाली. मी घरी पाच मिन्टं एका जागी बसत न्हाई, तितं मला फळीवर बसवलेलं. उठले की तांडेल म्हनायचा, मावशी, बसा. परत उठले की परत, मावशी, बसा.

त्यो गडी पान्यात उतरवनारा, त्यानं सगळ्यांना शिकवलं. नाकानं श्वास घ्यायचा न्हाई, नळीतून तोंडानं घ्यायचा, बोलायचं न्हाई. ते ऐकलं आन् मी दचकलेच. बोलायचं न्हाई? दीडशे कोसावरून आमी काय मासे बघायला आलो का? मी आदिनाथला खुनावलं, आधी चार शब्द बोलून घे. त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. जाकीट मला नको म्हनून त्या गड्याशी हुज्जत घालत हुता. त्यानं जाकिटाशिवाय उतरू दिलं न्हाई ते बरं केलं.

सगळी पान्यात गेली. बोटीत राहिलो मी, आरती आन् तांडेल. तांडेल पुढच्या टोकाला जाऊन मोबाईल बघत बसला. पाऊन तास थांबायचं हुतं. मला पान्यावर पाठी दिसत हुत्या आन् नळ्यांची टोकं. त्यात आमची दोन कोनती, ते शोधून शोधून डोळे दुखायला लागले. एकदा वाटायचं ही जवळजवळ हायेत ती, तर ती सांगलीची निघायची. आठ वर्सं मी ह्या दिवसासाठी थांबले, आन् कार्यक्रम चाललाय तर मला दिसंना, ऐकू येईना, मधी दोन शब्द घालता येईना.

तेवढ्यात एक डोकं वर आलं, जोरात खोकायला लागलं. आदिनाथ. विहिरीत नाकानं दम धरायची सवय, इतं नाकावर चष्मा. खारं पानी घशात गेलं असनार. हात मारतोय, चष्मा ओढतोय. मी उभी राहिले आन् वरडले. तो गडी पोचायच्या आधीच निकिता त्याच्यापाशी गेली, त्याचा हात धरला, काहीतरी बोलली. मंग दोघांनी परत पान्यात तोंड घातलं, पन हात सोडला न्हाई. मला लाज वाटावी का आनंद व्हावा ते कळंना. खाली बसले आन् आरतीला म्हनले, तसा लई चांगला पवतो आमचा.

आरती म्हनली, "तुम्ही मला ओळखलं नाहीत."

मला वाटलं, ग्रामपंचायतीच्या कामात कुठं गाठ पडली असंल. कुठं भेटलो, असं विचारलं.

"आमच्या घरी. बारा वर्षं झाली. तुमच्या दिरासाठी, अंगदसाठी, तुम्ही मला बघायला आला होतात."

अंगदसाठी आमी सात-आठ पोरी बघितल्या हुत्या. त्यानं पुढं शेवगावची केली, त्याचं चांगलं चाललंय. पन घोडेगाव? मी आठवायला लागले. ती थांबली न्हाई. दप्तरातला कागद वाचावा तशी सांगत गेली, आवाज वर न्हाई, खाली न्हाई. त्या दिवशी सकाळी अंगनात पानी मारताना तिच्या अंगठ्याला ठेच लागली, नख निघालं. पाहुने यायचे म्हनून तिनं कुनाला सांगितलं न्हाई. नऊ मानसं बसलेली. मी तिला म्हनले, चालून दाखव. वट्यापासून दारापत्तर ती चालली. मी म्हनले, परत. मंग म्हनले, अजून एकदा, आन् जरा साडी घोट्याच्या वर धर. तिचे वडील तितंच भिंतीला टेकून उभे हुते.

"मी धरली," आरती म्हनली. "तुम्ही वाकून बघितलंत. आणि बाहेर जाताना दारात म्हणालात, पोरगी पायानं अधू आहे, लपवतायत. ते गावभर झालं. त्याच्या पुढच्या दोन स्थळांनी आधी पायाचं विचारलं. आमचे वडील, दादा, मग कोणी बघायला आलं की घरात थांबायचे नाहीत. उठून शेतात जायचे. माझं लग्न ठरलं त्या दिवशीही ते शेतात होते. गेल्या वर्षी गेले."

मी म्हनले, तवा सगळेच तसं बघायचे. मलाबी तसंच बघितलं हुतं, सासूनं भरलेला हंडा उचलायला लावला हुता. ती म्हनली, हो, सगळेच बघायचे. एवढंच.

मंग तिनं सांगितलं ते ऐकून मी गारच पडले. निकिता तवा सतरा वर्साची, आत चहाला हुती. तिनं मला बघितलं न्हाई, नुसता आवाज ऐकला. त्या रात्री ती बापाला म्हनली, मी कधीच ट्रे हातात घेनार न्हाई. ती पोह्याची अट, ती बोट, त्यो समुद्र, सगळं तितनं आलेलं. आन् मी आठ दिवस भावकीत सांगत फिरत हुते, की आजकालच्या पोरींची थेरं बघा. मी त्या फळीवर माझ्याच करनीनं बसले हुते.

"तिला म्हाईत हाय?" मी विचारलं.

"नाही. मलाही सकाळपर्यंत माहीत नव्हतं. बायोडाट्यात तुमचं नुसतं नाव होतं. जेट्टीवर तुमचा आवाज ऐकला, तेव्हा कळलं."

"सांगनार हाय का?"

ती पान्याकडं वळली. मंग म्हनली, "ठरवलं नाही. तुम्हाला आठवतंय का, एवढंच सकाळपासून बघत होते."

देवाशपथ सांगते, मी जीव तोडून आठवलं. घोडेगावचा रस्ता आठवला, कांद्याची वखार आठवली, कुनाच्यातरी घरचे कच्चे राहिलेले पोहे आठवले. चेहरा येईना. आठवतंय म्हनले असते तर कदाचित काम झालं असतं. जिभेवर आलंबी हुतं. पन ती माझ्या तोंडाकडं असं बघत हुती की खोटं निघंना. आठवत न्हाई, म्हनले. चाळीस घरं बघितली, एकाबी पोरीचा चेहरा आठवत न्हाई. बोलून गेले आन् मंग माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. ती म्हनली, तसंच वाटलं.

शिट्टी झाली, सगळी बोटीकडं यायला लागली. आदिनाथ आधी चढला, त्यानं निकिताला हात दिला. त्याचे डोळे लालभडक झालेले, कपाळावर चष्म्याचा वळ, आन् तोंडावर असं हसू की मी ते आई असताना बघितलेलं, त्याच्यानंतर कधी न्हाई. निकिता केस पिळत बहिनीजवळ बसली आन् माझ्यादेखतच बोलली.

"ताई, हा माणूस घाबरला. आणि घाबरलो म्हणून सांगितलं, उगाच ऐट केली नाही. विहिरीत असं नसतं म्हणाला. मला आवडला. मी हो म्हणणार आहे."

आरती हसली जरा, आन् तिला टॉवेल दिला. त्या एका हसन्यात मला कळलं, ही सांगनार न्हाई. बहिनीचं सुख बघून गिळून टाकनार. माझं काम झालं हुतं. तोंड बंद ठेवायचं, जेट्टीपत्तर बसायचं, घरी जाऊन पेढे आनायचे. एवढंच करायचं हुतं मला.

आन् ते मला जमलं न्हाई. मोठ्या मनाचं वगैरे काही न्हाई त्यात. माझ्यानं सहनच हुईना. जाकिटाचे बंद सोडत हुते ते सुटंनात. ही आरती दर दिवाळीला, दर पंचमीला माझ्यापुढं ताटावर बसंल आन् आमी दोघी गप्प राहू, ते डोळ्यापुढं दिसायला लागलं. मी उठले. तांडेल बसा म्हनला, मी बसले न्हाई.

"निकिता," मी म्हनले, "तुझ्या बहिनीला तीनदा चालायला लावून साडी वर धरायला सांगनारी बाई मीच हाय."

तिला आधी उमजलंच न्हाई. तिनं आरतीकडं बघितलं. आरतीनं मान हलवली. मंग निकिता माझ्याकडं बघायला लागली, आन् तिचं तोंड उतरत गेलेलं मी समोर उभी राहून बघितलं. मी आरतीपुढं हात जोडले. चुकले म्हनले. माझं लई चुकलं, बाई, तुझं आन् तुझ्या वडिलांचंबी. निकिता उठली, बोटीच्या पुढच्या टोकाला गेली आन् आमच्याकडं पाठ करून बसली. आरती तिच्या मागं गेली. इंजिन सुरू झालं. आदिनाथ भिजलेल्या कपड्यावर तसाच बसून राहिला, कुनाकडंच बघंना.

जेट्टीवर दोघी बहिनी रिक्षात बसून गेल्या. आमी बी निघालो. फोंडा घाट चढून गेलो तरी आदिनाथ बोलंना. मंग एकदाच बोलला.

"आक्का, नळी माझ्या तोंडात हुती. ती तुझ्या तोंडात पाहिजे हुती."



घरी आल्यावर त्यानं माझ्याकडं जेवायला यायचं बंद केलं. गोठ्यावरच काहीतरी शिजवून खायचा. मी ताट पाठवलं तर ताट तसंच परत यायचं. सहादेवमामा दोनदा येऊन विचारून गेले, त्यांना काय सांगायचं? रात्रंदिवस मला एकच दिसायचं, भिंतीला टेकून उभा असलेला एक मानूस. त्याचा चेहरा मला आठवत न्हाई म्हनून तर तो जास्तच दिसायचा. भावकीतनं एका चुलतभावाच्या पोरासाठी राहुरीला पोरगी बघायला चल म्हनून निरोप आला. मी येनार न्हाई म्हनले, आन् पोरीला उठबस करायला लावू नका, असंबी सांगितलं. त्यांना वाटलं, रतनचं डोकं फिरलं.

पाचव्या दिवशी वाफ्यात कांद्याची रोपं उपटत हुते, तवा आरतीचा फोन आला. हात चिखलानं भरलेले, फोन खांद्यानं कानाला दाबला.

"निकिता नाहीच म्हणत होती," ती म्हनली. "चार दिवस मीच तिच्याशी भांडतेय. मला बघायला अकरा वेळा लोक आले, रतनताई. त्यातलं कोणी पुन्हा तोंड उघडून काही बोललं नाही. तुम्ही बोललात, तेही गप्प बसून सगळं मिळत असताना. ते मी तिला सांगितलं."

मी काहीतरी बोलायला गेले, तिनं थांबवलं.

"मी माफ केलेलं नाही. तसं समजू नका. पण माझ्यावरून तिचा चांगला माणूस जायला नको. रविवारी आम्ही दोघी सोनईला येतोय. घर बघू, गोठा बघू, तुम्हालाही बघू. मग ती काय ते सांगेल. दादा असते तर त्यांना आणलं असतं."

फोन ठेवला तरी मी वाफ्यात तशीच उभी हुते. मंग तशाच चिखलाच्या पायांनी गोठ्यावर गेले. आदिनाथ धार काढत हुता, डोकं गायीच्या कुशीला टेकलेलं. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. त्याचा हात एकदाच थांबला, परत चालू झाला. मंग त्यानं विचारलं, रविवारी काय काय विचारतील गं? चाळीस घरात जाऊन मीच विचारत आलेली, पोरीला काय विचारायचं ते मला झोपेतसुदिक सांगता आलं असतं. पन आपल्याला कोनी बघायला आलं की आपन काय करायचं, ते मला सांगता येईना. पेंडीच्या पोत्यावर बसले आन् रडले.

तो उठला न्हाई, वळला न्हाई. धार काढता काढता म्हनला, "रात्री जेवायला येतो."